थांबायची जागा

नव्या कीबोर्डला स्वतःचा आवाजच नव्हता. वायर लॅपटॉपला जोडून मुलाने सॉफ्टवेअरच्या यादीत त्याचं नाव निवडलं, तेव्हा कुठे तो पियानोसारखा बोलू लागला. “बाबा, आई गायची ते वाजवा.” बाबांनी वाजवलं, पडद्यावर सूर ओळीने उमटले, पण प्रत्येक कडव्यात एकाच जागी भली मोठी फट! ‘म्हाताऱ्याचे हात थकले,’ त्याला वाटलं. बाबा चहा टाकायला उठताच त्याने मागे राहिलेले सूर ओढून तालात बसवले नि गाणं लावलं. “कोण वाजवतंय? फार घाई करतोय,” कप ठेवत बाबा म्हणाले. “तुम्हीच! अडखळत होतात, ते काढलं.” “अडखळत नव्हतो रे. तिथे तुझ्या आईला दम लागायचा. मी थांबायचो, म्हणजे लोकांना कळायचं नाही.” बाबा चष्मा शोधू लागले, तसं त्याने फाइलला दिलेलं नाव तळहाताने झाकलं: ‘बाबा, चुका काढून’.