प्रोमाया

कुऱ्हाडीचा तिसरा घाव बसला आणि कोठीच्या दाराची फळी उभी चिरली.

वुकाशिनने लाथ घालून ती पाडली, आत लपलेल्या नेवेनाचे केस धरून तिला बाहेर ओढले आणि तिचे डोके टेबलावर आपटले. कपबश्या फुटल्या. रंगाचे रक्त तिच्या भुवईवरून फरशीवर ठिबकू लागले. त्याने कमरेचा पट्टा काढला. नेवेना किंचाळली.

ल्युबिंका कॅमेऱ्याशेजारी श्वास रोखून उभी होती. कादंबरी तिची होती, चित्रपटही तिचाच. कोणी छापेना म्हणून तिने आपल्या भयकादंबऱ्या स्वतः छापल्या, जत्रांतून स्वतः विकल्या. कोणी पडद्यावर आणेना म्हणून ती निर्मातीही झाली. स्वयंपाकघर मात्र आईचे होते, लेस्कोवाच गावातले. फोडायला दार एकच होते. प्रसंग पुन्हा घेता येणार नव्हता.

तिच्या प्रत्येक कादंबरीत भूत एकच असे: प्रोमाया, घरातून आरपार वाहणारा वारा. खऱ्या प्रोमायेने मान धरते, कान दुखतो, म्हणून लोक खिडक्या लावून घेतात. तिची प्रोमाया खिडकी लागल्यावरच घरात शिरे. हे सुचते कुठून, असे वाचक विचारत. ती हसून टाळे.

आईला, रादोय्काला, टाळणे सोपे नव्हते. सकाळीच तिने सगळ्यांसमोर विचारले होते, "हे घाणेरडं तुझ्या डोक्यात येतं तरी कुठून गं? तुझ्या बापानं, देव त्याला क्षमा करो, या घरात कधी आवाज चढवला नाही. शेजाऱ्यांना विचार! इतक्या वर्षांत कुणी काही ऐकलंय का?" मग वुकाशिनच्या ताटात चीज भरलेल्या गिबानित्साचा आणखी एक तुकडा वाढत ती म्हणाली, "खा रे, काडीपैलवान! तुझ्यानं दार कसलं फुटतंय!"

 आईने एकदा, एकदाच 'हो' म्हणावे, एवढ्यासाठी ल्युबिंका इतकी वर्षे लिहीत आली होती.

पट्टा वर गेला. खाली आला. पुन्हा वर गेला. नेवेनाची किंकाळी उघड्या खिडकीतून अंगणापार, शेजारच्या गच्चीपर्यंत पोचत होती.

चुलीजवळच्या स्टुलावरून रादोय्का उठली. घाई नाही, गोंधळ नाही. ती सरळ कॅमेऱ्यासमोरून चालत गेली. पडलेल्या मुलीला ओलांडून खिडकीपाशी पोचली, दोन्ही झडपा ओढून घेतल्या आणि कडी लावली.

"अहो मावशी!" कॅमेरामन बोगदान ओरडला. "काय केलंत हे! एकच दार होतं आपल्याकडे!"

"प्रोमाया होती," रादोय्का म्हणाली. "मान धरेल पोरीची."

वुकाशिनला हसू आवरेना. जमिनीवर पडलेली नेवेनाही रंगलेल्या तोंडाने हसू लागली. ल्युबिंका हसली नाही. तिने पुढे होऊन कॅमेऱ्याच्या भिंगावर तळहात ठेवला.

"आई," ती म्हणाली, "पडदा हललासुद्धा नाही. आज वारा नाहीये."

रादोय्काने पडद्याकडे पाहिले. हात अजून कडीवरच होता.

"तेव्हाही नसायचा," ती म्हणाली.