खोक्यातल्या बातम्या

पोरांची कल्पकता वाढावी म्हणून सरकारनं मोताळ्याकडच्या आमच्या प्राथमिक शाळेला रेडिओ दिला, आणि तो थेट सरपंच उत्तमरावांच्या माडीवर जाऊन बसला. "शाळेत उंदरं लय झाले, वायर कुरतडतीन," हेडमास्तर म्हणाले. पोरांना उंदीर चावले असते तर चाललं असतं.

पुढं तपासणीचे साहेब आले. सरपंचांकडं जेवून, पान चघळत वर्गात शिरले आणि टेबलावर छडी आपटून म्हणाले, "स्वतःच्या डोक्यानं केलेलं काहीतरी नवं दाखवा!"

चौथीतली रुखमा उठली. दुकानातून आणलेल्या रिकाम्या खोक्यावर तिनं खडूनं, निव्वळ अंदाजानं, रेडिओची बटणं काढली. खोकं डोक्यावर पालथं घातलं आणि सरपंचांच्या माडीखालून रोज कानावर पडणाऱ्या रेडिओच्या ऐटदार आवाजात आतून बोलू लागली, "हे आकाशवाणी हाय. रुखमा बातम्या सांगून राह्यली. शाळेचा रेडिओ सरपंचाच्या माडीवर वाजून राह्यला. पोरायले तो अजून दिसला बी नाही."

हेडमास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. साहेबांनी मात्र जोरजोरात टाळ्या वाजवल्या. "वा! याला म्हणतात कल्पकता!"

आम्हाला वाटलं, आता रेडिओ शाळेत येणार.



जाता जाता साहेब हेडमास्तरांना म्हणाले, "मघाशी जेवताना बातम्यांत खरखर फार होती. उत्तमरावांना सांगा, एरियल जरा उंच बांधा."