साडेतीनशे पायऱ्यांचा गूळ

“आई, माझी गुळाची तुला कवा केली गं?” ‘विचारून दाखव’ अशी मैत्रिणींनी पैज लावलेली, म्हणून डोंगरावरच्या देवळात संयोगितानं विचारलंच. तराजूच्या एका पारड्यात धाकटा भाऊ बसला होता, दुसऱ्यात नवसाचा गूळ. साडेतीनशे पायऱ्या चढून त्या ढेपा तिनंच डोक्यावर आणलेल्या. पप्पा हसले, “आगं, नवस तुझ्याच येळचा. पोरगा झाला तर गुळात तोलू, म्हटलेलं. तू झालीस, मग ऱ्हायला.” काटा जुळला, भाऊ उतरला, गूळ फोडून वाटला. पुजाऱ्यानं तिच्याही हातावर खडा ठेवला. तो एका पारड्यात टाकून ती दुसऱ्यात मांडी घालून बसली. पारडं धाडकन फरशीला टेकलं. “ऊठ, लोकं बघत्यात!” पप्पा ओरडले. “गूळ संपला, बाळा,” आई पुटपुटली. “पायथ्याला दुकान हाय. ह्या बारीला, पप्पा, तुमी आणा. तवर मी उठत न्हाई.”