घरात कुणी हाय का?

दिवा बंद करायचं वाल्मीक रोज विसरायचा. म्हणून लवळ्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या त्याच्या लेकीनं, गौतमीनं, आपल्या प्रोजेक्टमधला काडेपेटीएवढा मायक्रोकंट्रोलर आणून कोळवणच्या घरातल्या दिव्याला जोडला. खोलीत कुणी हललं की दिवा लागायचा, आणि बराच वेळ कुणी हललं नाही की आपसूक विझायचा.

जेवून वाल्मीक भिंतीला टेकला की हमखास अंधार. मग सैपाकघरातनं गौतमी ओरडायची, "आबा, हात हलवा की! त्याला वाटतंय घरात कुणीच न्हाई."

वाल्मीक दिव्याकडं बघून हात हलवायचा. "हाय रं बाबा, हितंच हाय."

"बघा, शाळंतल्या पोरावानी दिव्याला हजेरी देत्यात!" तुळजाबाई नवऱ्याला हसायची, आणि उजेडात मायलेकींचं हसू घरभर सांडायचं.

परवाच्या आठवड्यात लवळ्याच्या उतारावर गौतमीची गाडी घसरली. आज ती गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला आलेले पाव्हणे संध्याकाळच्या एसटीनं गेले. शेजारणीनं दोघांपुढं चहा ठेवला, "घोटभर तरी घ्या," म्हणाली आणि दार ओढून घेतलं. वाल्मीक एका भिंतीला, तुळजाबाई दुसऱ्या भिंतीला टेकून बसली. चहावर साय धरली.



घरात कुणीच नाही असं समजून दिवा विझला, आणि दोघांपैकी कुणीही हात हलवला नाही.