पहिल्या दिवसाची तक्रार

धुळ्याच्या एका कॉलेजात एकवीस दिवस ऑनलाइन तास उघडत नव्हते. अभ्यासाच्या वेबसाइटवर बटण दाबलं की 'मीटिंग सर्व्हरशी संपर्क होत नाही' असं यायचं आणि मुलांची आपोआप गैरहजेरी लागायची. शेवटी शेहेचाळीस जणांना परीक्षेला बसू देणार नाही, अशी नोटीस निघाली.

त्याच दिवशी कॉम्प्युटर विभागातल्या दिपमाला मॅडमना दोष सापडला. सर्व्हरचा पासवर्ड बदलला होता, वेबसाइटमध्ये मात्र जुनाच राहिला होता. नवा टाकताच तास सुरू झाला.

तेवढ्यात साक्रीकडचे भाईदास आबा लेकीला घेऊन आत आले. नोटीस टेबलावर आपटत म्हणाले, "मनी पोर रोज रेंजसाठी टेकडीवर जाईसन बसे, तरी गैरहजर कशी?"

लेक रत्ना म्हणाली, "मॅडम, खाली बारीक अक्षरात 'पासवर्ड जुळत नाही' असं येत होतं. मी पहिल्याच दिवशी फोटो काढून तक्रार पाठवली होती."

दिपमाला मॅडम संतापल्या. "कोणी दाबली ही तक्रार? नाव कळू द्या, प्राचार्यांसमोर उभंच करते त्याला!"

त्यांनी सगळ्यांदेखत तक्रार उघडली. फोटो होता. खाली चार मिनिटांत दिलेलं उत्तरही होतं: 'कॉलेजकडून काही अडचण नाही. तुमच्या गावातलं नेटवर्क तपासा.'



उत्तराखाली नाव होतं, दिपमाला, कॉम्प्युटर विभाग.