मागची सीट

धुक्यात मोटारसायकलचा आवाज आला आणि विशाखानं हात वर केला. पोटऱ्या दगड झाल्या होत्या, नाक गळून राहिलं होतं आणि कंधार अजून लांब होतं. पुरे झालं आता हे पळणं, असं ती मोठ्यानं म्हणालीसुद्धा. ऐकायला रस्त्याकडेच्या बाभळीशिवाय कुणी नव्हतं.

रविवारी नांदेडला हाफ मॅरेथॉन. मागच्या वर्षी ती निम्म्यातूनच, दमलेल्यांना गोळा करत येणाऱ्या गाडीत बसून परतली होती. सोमवारी शाळेत चौथीच्या पोरी वाट बघत होत्या. म्याडम, मेडल कुठंय? ते तिच्या मनातून गेलंच नव्हतं. म्हणून यंदा तिनं नवऱ्याला, आनंदराजला, सांगून टाकलं होतं: आज फाट्यापर्यंत जाऊन पळतच परत आले तर रविवारी जाणार. वाटेत गाडीवर बसले तर विषय संपला. आनंदराज रजईत होता. मनात चांगलं चांगलं बोलत पळ, एवढा सल्ला देऊन तो कुशीवर वळला. रजईतून चांगलं बोलायला काय जातंय! तरी तिनं बोलून पाहिलं. अंग गरम होऊन राहिलंय, पाय हलके होऊन राहिलेत. पायांना काही ते पटलं नाही.

गाडी ज्ञानोबाची होती. रोज सकाळी तो खेड्याकडून कंधारला दूध घालायला जायचा. आणि रस्त्यानं चालणारं माणूस दिसलं की गाडी थांबवायची, ही आपल्या भागातली रीत. पळणारं दिसलं तर बोलायलाच नको. पहिल्या दिवशी त्यानं घाबरून विचारलं होतं, घरी कुणाचं बरंवाईट तर न्हाई ना? दुसऱ्या दिवसापासून एकच धोशा, बसा म्याडम, सोडतो की. ती नको म्हणायची आणि त्याच्या मनाला ते लागायचं. एकदा त्यानं उपरण्यानं सीट पुसून दाखवली. मग एक दिवस सीटवर वाकळेची घडी आली. सीट गार लागत असंल, म्हणून म्याडम बसत नसतील, असं त्याला वाटलं होतं. शेवटी काल तिनं थांबून त्याला सगळं समजावलं. रविवारचं सांगितलं, मागच्या वर्षीचं, पोरींचंही. त्यानं कानाचा रुमाल सोडून नीट ऐकून घेतलं. मंजी बसलं की हारलं, असं हाय व्हय, एवढं म्हणून तो गेला होता.

आणि आज तिनंच हात केला. गाडी थांबली. वाकळ सीटवर होतीच.

"बसते मामा आज. नेऊन सोडा गावात."

ज्ञानोबानं गाडी स्टँडला लावली. टाकीवर ठेवलेली दुधाची किटली उचलली, मागच्या सीटवर वाकळेच्या घडीत बसवली आणि दोरीनं करकचून बांधली.

"जागा न्हाई, म्याडम."

तिला राग आला. खरंच आला. इतके दिवस बसा बसा म्हणून डोकं खाल्लं, आणि आता बसते म्हटलं तर जागा न्हाई. हे सगळं ती त्याला सुनावणार होती, पण तोवर गाडी चालू झाली होती.

निघाला, पण गेला नाही. गाडी बैलगाडीच्या चालीनं पुढं चालली होती. धुक्यात मागचा लाल दिवा तेवढा दिसत होता. जरा लांब गेला की थांबायचा, ती जवळ आली की पुन्हा हलायचा. विशाखा आधी रागानं पळाली. नंतर राग कुठं सांडला कोण जाणे, ती नुसतीच पळत राहिली. मनात चांगलं बोलायचं तर राहूनच गेलं.

कंधार आलं तेव्हा धुकं विरळ झालं होतं. पहिल्याच हॉटेलात रत्नम्मा दुधाची वाट बघत होती आणि बाकड्यावर गिऱ्हाइकं बिनचहाची कुडकुडत होती. तिनं ज्ञानोबाला आल्या आल्या फैलावर घेतलं. दूध यायची ही वेळ हाय का, म्हणाली, कुठं उलथला होता एवढा वेळ?

ज्ञानोबा किटलीची दोरी सोडत होता. त्याच्या मागं विशाखा येऊन गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली. तिच्या अंगातून वाफा निघत होत्या आणि ती हसत होती.

"सवारी होती," ज्ञानोबा म्हणाला. "म्याडमला सोडायचं होतं गावात."