पायधऱ्या

"राजा लढाईत नदीत बुडून मेला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, दादा!" दोरखंडाने बांधलेला तेगन ओरडत होता.

दरबार खो खो हसला. मेलेला राजा कुनवोर समोरच तर बसला होता, हातात मधाच्या दारूने भरलेलं शिंग घेऊन.

"मग हा कोण, तुझा आजा?" सेनापती गर्थन म्हणाला. "लढाईतून ढुंगणाला पाय लावून पळालास आणि वर थापा मारतोस? महाराज जेवून उठले की तुला फास."

तेगनचा दादा, इदोन, हसला नाही. तो राजाचा पायधऱ्या. राजा जेवायला बसला की त्याचे पाय मांडीवर घ्यायचे, चोळून ऊब द्यायची आणि तो उठेपर्यंत सोडायचे नाहीत. वीस वर्षं त्याने हेच केलं होतं. काम हलकं, पण मान मोठा. पाय मांडीवर असेतो पायधऱ्या एका अपराध्याला आसरा देऊ शके, मग त्याला कुणी बोटही लावायचं नाही. मात्र एकालाच. इदोनने तो हक्क कधी वापरला नव्हता. आज धाकट्या भावाच्या जिवाशी गाठ होती.

त्याने घाईघाईने राजाचे पाय मांडीवर ओढले. डाव्या पायाला करंगळी नव्हती, ती मागेच हिमाने झडलेली. म्हणजे पाय राजाचेच होते. पण चोळून चोळून इदोनचे तळहात भाजले तरी ते तापेनात. बोटांच्या बेचक्यांतून पाणी झिरपत होतं, ते थांबतच नव्हतं. एरवी हाडांसाठी पायांत घुटमळणारे शिकारी कुत्रे आज लांब, दाराशी अंग चोरून बसले होते.

"मी आसरा देतो," तो कसाबसा म्हणाला. "माझ्या..."

राजा खाली वाकला. त्याच्या तोंडाला नदीच्या चिखलाचा वास येत होता.

"भावाचं नाव घेऊ नकोस, इदोन," तो कुजबुजला. "तो खरंच बोलतोय. आसरा मला दे. आता तू पाय सोडलेस की मी संपलो रे."

इदोनला रडू आलं. या पायांनीच त्याला वीस हिवाळे पोसलं होतं. त्याने ते एकदा छातीशी घट्ट धरले.

"माफ करा, महाराज, माझा भाऊ खरा ठरायला हवा," तो म्हणाला, आणि दोन्ही पाय हळूच जमिनीवर ठेवले.